एक्स५७० अ‍ॅक्वा: मदरबोर्डवरचे पाणी नेमके कशासाठी?

एएसरॉक कंपनीने २०१९ साली तैवानमधील कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात एक्स५७० अ‍ॅक्वा हा मदरबोर्ड मांडला. प्रोसेसर, व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणारा भाग) आणि चिपसेट (प्रोसेसर व इतर भागांमधील जोडण्या सांभाळणारी चिप) या तिन्हींना एकाच अखंड वॉटर ब्लॉकखाली (आतून पाणी फिरणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली) घेणारा हा बोर्ड पुढे ९९९ डॉलरला बाजारात आला आणि त्याचे नगही जगभरासाठी केवळ ९९९च काढण्यात आले. त्या वेळच्या डॉलरच्या दराने ही किंमत, कर वगळूनही, सत्तर हजार रुपयांच्या घरात जाते. तेवढ्या पैशांत त्या काळी आपल्याकडे उत्तम प्रोसेसर, चांगला बोर्ड आणि मेमरी असा संच जोडता येत होता. असे असूनही या बोर्डाला निव्वळ शोभेची वस्तू म्हणून निकालात काढणे मला पटत नाही, कारण त्याच्या रचनेमागे एक खरी तांत्रिक अडचण होती. ती अडचण कोणती, ती या बोर्डाने कशी सोडवली आणि सोडवताना दुसरी कोणती निर्माण केली, एवढेच मला या लेखात तपासायचे आहे.

पाण्याने थंड होणारे संगणक जोडण्याचा छंद मला अनेक वर्षांपासून आहे. हा विशिष्ट बोर्ड मात्र माझ्या संग्रहात नाही, त्यामुळे येथे मांडलेले मूल्यमापन हे माझ्या टेबलावरच्या मोजमापांचे नसून बोर्डाच्या रचनेचे, जाहीर वैशिष्ट्यांचे आणि साध्या आकडेमोडीचे आहे. अशा बोर्डांच्या बाबतीत ही आकडेमोड फार थोडे लोक करतात, आणि ती केल्यावर चित्र बरेच बदलते, असे माझे मत आहे.

सुरुवात व्हीआरएमपासून करू, कारण मदरबोर्डवर पाणी आणण्याचे कारण विचारले की बहुतेकांचे बोट तिकडेच जाते. एसएमपीएसकडून येणारा १२ व्होल्टचा प्रवाह प्रोसेसरला लागणाऱ्या एक ते दीड व्होल्टपर्यंत खाली आणण्याचे काम व्हीआरएम करते आणि या रूपांतरात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. अ‍ॅक्वाच्या पिढीतील सर्वांत वजनदार प्रोसेसर म्हणजे एएमडी कंपनीचा १६ कोअरचा रायझन ९ ३९५०एक्स. त्याचा टीडीपी (उष्णता-भाराचा जाहीर आकडा) १०५ वॅट सांगितला जात असला, तरी एएमडीच्या मूळ मर्यादेनुसार सॉकेटमधून त्याला मिळणारी कमाल शक्ती १४२ वॅट आहे. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास धरली, तर तेथे निर्माण होणारी उष्णता होते सुमारे १५ वॅट. अ‍ॅक्वावर १४ फेज (व्हीआरएमचे काम वाटून घेणारे समांतर विभाग) आहेत, म्हणजे एका फेजच्या वाट्याला जेमतेम एक वॅट आला. आजचे पॉवर स्टेज (प्रत्येक फेजमधली मुख्य चिप) अंतर्गत तापमान १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत काम करतील अशा बेताने बनवलेले असतात, आणि इतक्या पसरलेल्या १५ वॅटसाठी अ‍ॅल्युमिनियमचा बऱ्यापैकी वजनाचा, खोल खाचा असलेला हीटसिंक पुरेसा होतो. मर्यादा काढून टाकून प्रोसेसरला २०० वॅट दिले, तरी व्हीआरएमची उष्णता २० ते २५ वॅटच्या पुढे जात नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. प्रोसेसरवर हवेचा कूलर असतो तेव्हा त्याच्या पंख्याचा वारा आजूबाजूच्या व्हीआरएमवरही फिरतो, आणि प्रोसेसरवर वॉटर ब्लॉक बसवला की तो वारा बंद होतो. पंखे कमी वेगाने फिरवून शांत चालवलेल्या कॅबिनेटमध्ये सॉकेटभोवतीचा कोपरा अगदी कोंदट होऊ शकतो. म्हणूनच पाण्याच्या संगणकात व्हीआरएमलाही पाणी द्यावे, हा विचार मुळात चुकीचा नाही. परंतु तोच परिणाम कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक १२० मिलिमीटरचा संथ पंखा लावूनही साधतो, आणि त्या पंख्याची मेमरीला व एसएसडीलाही गरज असतेच, कारण त्यांना हा ब्लॉक स्पर्श करत नाही.

आता चिपसेटकडे येऊ. या बोर्डाचे खरे मर्म येथे आहे. एक्स४७०पर्यंतचे एएम४ (एएमडीचे त्या काळचे प्रोसेसर-सॉकेट) बोर्डांचे चिपसेट एएसमीडिया या कंपनीने रचलेले होते आणि त्यांची उष्णता साध्या चपट्या हीटसिंकला सहज पेलत असे. एक्स५७० मात्र एएमडीने स्वतः रचला. रायझन ३००० मालिकेतील आय/ओ चिपलेटचाच (प्रोसेसरमधील बाहेरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या छोट्या चिपचाच) तो भाऊबंद होता आणि त्यात पीसीआय एक्स्प्रेस ४.० ही ग्राफिक्स कार्ड व एसएसडीसाठीची वेगवान जोडणी आली होती. हा वेग टिकवण्याची किंमत म्हणून त्याचा वीजवापर ११ वॅटच्या आसपास गेला, म्हणजे आधीच्या चिपसेटच्या जवळपास दुप्पट. आकडा पाहिला तर ११ वॅट म्हणजे व्हीआरएमपेक्षाही कमीच. पण ही उष्णता चौदा ठिकाणी विभागलेली नसून एकाच चिपमधून येते, आणि ती चिप बोर्डाच्या ज्या भागात असते तेथे तिच्या डोक्यावर ग्राफिक्स कार्ड आडवे होते. त्यामुळे उंच हीटसिंक बसवायला जागा नाही आणि वरून कार्डाची गरम हवा येत राहते. या कोंडीतून सुटण्यासाठी जुलै २०१९मध्ये आलेल्या जवळजवळ प्रत्येक एक्स५७० बोर्डावर चिपसेटसाठी एक छोटा पंखा बसवावा लागला.

तो पंखा शांततेची आवड असणाऱ्यांना किती खटकला, हे त्या काळात संगणक जोडलेल्यांना आठवत असेल. इतका लहान पंखा पुरेशी हवा हलवण्यासाठी वेगाने फिरतो, त्याचा सूर मोठ्या पंख्यांपेक्षा उंच असतो, आणि धूळ बसल्यावर सर्वांत आधी घरघरतो तोच. बोर्ड पाच-सात वर्षे चालावा अशी अपेक्षा असेल, तर त्यावरचा सर्वांत अल्पायुषी भाग हा पंखाच ठरतो. ज्या माणसाने पंप, रेडिएटर आणि मोठे संथ पंखे लावून संगणकाचा आवाज खोलीतल्या शांततेत विरून जाईल इथवर आणला आहे, त्याला चिपसेटवरचा हा चिमुकला पंखा सहन होणे कठीण. अ‍ॅक्वाने नेमका हाच भाग ब्लॉकखाली घेतला आणि बोर्डावर एकही पंखा ठेवला नाही. मला या बोर्डाची हीच गोष्ट मनापासून आवडते: जेथे हवेला खरोखर अडचण होती, तेथे पाणी नेले गेले.

याच काळातल्या दुसऱ्या महागड्या बोर्डाशी तुलना केली की हा मुद्दा आणखी ठसतो. आसुसचा आरओजी क्रॉसहेअर ८ फॉर्म्युला हाही एक्स५७०वरच आधारलेला होता आणि त्याच्या व्हीआरएमवर ईके या स्लोव्हेनियातील कंपनीच्या सहकार्याने बनवलेला क्रॉसचिल ब्लॉक होता. फॉर्म्युला घराण्याची ही जुनी परंपरा आहे. २००७च्या ब्लिट्झ फॉर्म्युलामध्ये नॉर्थब्रिजवर (चिपसेटमधील प्रोसेसरजवळच्या मुख्य चिपवर) पाण्याची सोय होती, कारण त्या काळी मेमरी कंट्रोलर (मेमरीशी व्यवहार सांभाळणारा भाग) नॉर्थब्रिजमध्ये असल्यामुळे बोर्डावरचा सर्वांत तापणारा भाग तोच होता. इंटेलने २००८मध्ये नेहालेम पिढीपासून मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नेला, नॉर्थब्रिज निवळत गेला, आणि २०१२च्या मॅक्सिमस ५ फॉर्म्युलामध्ये पाण्याची वाट व्हीआरएमकडे वळलेली दिसते. म्हणजे उष्णतेची जागा बदलली तसे पाणी तिच्यामागे गेले. क्रॉसहेअर ८ फॉर्म्युलाच्या वेळी मात्र हे घडले नाही. पाणी गेले व्हीआरएमकडे, जेथे हवेवर भागले असते. आणि चिपसेटवर इतर बोर्डांसारखाच पंखा राहिला. निदानाच्या बाबतीत अ‍ॅक्वा सरस ठरतो, असे मी म्हणतो ते यामुळे.

मग उरला प्रोसेसर, आणि येथे अ‍ॅक्वाच्या अखंड ब्लॉकबद्दल माझ्या मनात शंका आहेत. रायझन ३०००मधील एका कोअर चिपलेटचे क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस मिलिमीटर आहे, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरहूनही कमी, आणि ३९५०एक्सवर पूर्ण भार असताना अशा प्रत्येक चिपलेटमधून अंदाजे साठ वॅट बाहेर पडत असतात. इतक्या लहान जागेतून निघणारी उष्णता सिलिकॉन, सोल्डर, वरचे तांब्याचे झाकण आणि थर्मल पेस्ट असे थर ओलांडून पाण्यापर्यंत पोहोचते, आणि तापमानातली मोठी चढण या थरांमध्येच होते. ब्लॉक कितीही देखणा असला, तरी या थरांवर त्याची सत्ता चालत नाही. त्याच्या हाती असते ते झाकणावर नीट, सपाट आणि पुरेशा दाबाने टेकणे. नेमके हेच काम मोनोब्लॉकला, म्हणजे अनेक भागांवर पसरलेल्या अशा अखंड ब्लॉकला, अवघड जाते. एकाच धातूच्या पट्टीने प्रोसेसरवर घट्ट बसायचे, त्याच वेळी व्हीआरएमच्या चिपवर थर्मल पॅडमधून (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीमधून) टेकायचे आणि चिपसेटपर्यंतही पोहोचायचे, असे तीन वेगवेगळ्या उंचींचे गणित जमवावे लागते. पॅड थोडे जाड किंवा टणक निघाले, तर ब्लॉक त्या बाजूला अडतो आणि प्रोसेसरवरचा दाब कमी होतो. केवळ प्रोसेसरसाठी असलेल्या चांगल्या ब्लॉकला ही तडजोड करावी लागत नाही.

एका ब्लॉकमधून एवढ्या गोष्टी थंड केल्यास पाणी तापून पुढच्या भागाला कमी गारवा मिळेल, अशी भीती अनेकजण व्यक्त करतात; ती मात्र निराधार आहे. मिनिटाला चार लिटर पाणी वाहत असेल, तर त्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी सुमारे २८० वॅट लागतात. प्रोसेसरचे १४२, व्हीआरएमचे १५ आणि चिपसेटचे ११ वॅट मिळून ब्लॉकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी अर्ध्या अंशाच्या थोडेसेच पुढे तापेल. व्हीआरएम आणि चिपसेट लूपमध्ये (पंप, नळ्या, ब्लॉक आणि रेडिएटर यांतून पाणी फिरण्याच्या मार्गात) घेतल्याने रेडिएटरवर पडणारा जास्तीचा भार २६ वॅटचा, आणि ज्या लूपमध्ये अडीचशे-तीनशे वॅटचे ग्राफिक्स कार्डही जोडलेले आहे तेथे तो जाणवणारदेखील नाही. कोणता ब्लॉक आधी आणि कोणता नंतर, यावर रात्र जागवण्यापेक्षा नळ्या आखूड आणि कमी वळणाच्या ठेवाव्यात.

किमतीचा विचार करताना सर्वांत उपयोगी तुलना मिळते ती एएसरॉकच्याच एक्स५७० क्रिएटर या बोर्डाशी. त्यावरही १४ फेज, थंडरबोल्ट ३चे दोन पोर्ट, १० गिगाबिटचे लॅन आणि वाय-फाय ६ आहे, म्हणजे जोडणीच्या सोयींत तो अ‍ॅक्वाच्या पंक्तीला बसतो. त्याची जाहीर किंमत सुमारे ५०० डॉलर होती. याचा अर्थ अ‍ॅक्वाच्या किमतीतला अर्धा वाटा ब्लॉकचा, झाकणाचा आणि मर्यादित नगांच्या मानाचा आहे. प्रोसेसरसाठी वेगळा उत्तम ब्लॉक शंभर-सव्वाशे डॉलरला मिळत असताना, उरलेले पावणेचारशे डॉलर आपण चिपसेटवरचा पंखा घालवण्यासाठी देतो, असे या व्यवहाराचे सरळ रूप आहे. मर्यादित नगांना संग्राहकाच्या दृष्टीने मोल असेल. ते मी नाकारत नाही. पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर नग मोजके असण्याचा अर्थ वेगळा होतो. बोर्ड बिघडला तर तसाच दुसरा मिळण्याची शक्यता अगदी कमी, आणि वॉरंटीत दुसरे मॉडेल मिळाले तर या बोर्डाच्या आकाराला बेतलेला ब्लॉक त्याला बसणार नाही. वळवून बसवलेल्या कडक नळ्यांची सगळी मापेही त्या दिवशी बदलतात.

पंख्याची ती अडचण तरी किती काळ टिकली? गिगाबाइटच्या एक्स५७० ऑरस एक्स्ट्रीमने २०१९मध्येच मोठा हीटसिंक बोर्डभर पसरवून चिपसेट बिनपंख्याचा करून दाखवला होता. २०२०च्या अखेरीस आसुसच्या क्रॉसहेअर ८ डार्क हिरोने तेच साधले, आणि २०२१मध्ये एक्स५७०एस या नावाने बिनपंख्याच्या बोर्डांची अख्खी फळीच आली. ज्या कामासाठी पाणी आणले होते ते काम दोन वर्षांत जास्त धातू आणि नीटस रचना यांनी करून टाकले. हे कळल्यानंतर अ‍ॅक्वाची मूळ कल्पना चुकीची ठरते असे मला वाटत नाही, परंतु तिच्यासाठी मोजलेली किंमत समर्थनीय राहत नाही, हे मान्य करावे लागते.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र प्रोसेसर बदलण्याच्या प्रसंगाशी जोडलेला आहे. एएम४ हे सॉकेट फार दीर्घायुषी निघाले. २०१९मध्ये ३७००एक्स घेतलेल्या माणसाला नोव्हेंबर २०२०मध्ये ५९५०एक्स आणि एप्रिल २०२२मध्ये ५८००एक्स३डी बसवण्याची वाट मोकळी होती, आणि खेळांसाठी संगणक वापरणाऱ्यांना त्या शेवटच्या प्रोसेसरने खरोखरच भरघोस लाभ दिला. म्हणजे या पिढीचा बोर्ड घेणाऱ्याने एकदा तरी प्रोसेसर बदलावा, अशीच परिस्थिती होती. वेगळा ब्लॉक असेल आणि नळ्या लवचिक असतील, तर चार स्क्रू काढून, ब्लॉक बाजूला करून, लूप न उघडता हे काम होऊन जाते. मोनोब्लॉक असेल तर कूलंट (लूपमधला द्रव) काढणे, नळ्या सोडवणे, बोर्ड कॅबिनेटबाहेर आणून मागचे सगळे स्क्रू काढणे, पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे नवे आणणे, आणि मग पुन्हा भरून गळती तपासणे हा सगळा व्याप आला.

त्यात एएम४ची स्वतःची एक खोड आहे. या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने पकडते, त्यामुळे कूलर सरळ वर उचलला तर वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून वर आणू शकते आणि पिना वाकतात. म्हणून कूलर आधी डावी-उजवीकडे हलके फिरवून पेस्टची पकड सोडवावी, असा सल्ला सगळे जाणकार देतात. व्हीआरएम आणि चिपसेटपर्यंत पसरलेला ब्लॉक फिरवता येतच नाही. तो सरळ वरच उचलावा लागतो. लूप रिकामा करण्यापूर्वी संगणकावर काही वेळ भार टाकून पेस्ट गरम व मऊ करून घेणे, आणि नंतर ब्लॉक एका कडेकडून अगदी सावकाश सैल करणे, एवढाच उपाय उरतो. नव्याने हा छंद सुरू करणाऱ्याच्या हाती असे काम द्यायला माझे मन धजत नाही. शिवाय एएम४साठी घेतलेले बरेचसे सुटे ब्लॉक पुढे २०२२मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटलाही बसतात, कारण ब्लॉक अडकवण्याची मापे एएमडीने जवळपास तीच ठेवली. मोनोब्लॉक मात्र आपल्या बोर्डाबरोबरच निवृत्त होतो. या एका बाबतीत, निदान चुकूनही, फॉर्म्युलाची रचना शहाणी आहे: तिने प्रोसेसरला स्वतंत्र ठेवले, आणि पाणी जोडले नाही तरी तिचा व्हीआरएम ब्लॉक हीटसिंक म्हणून काम करत राहतो.

मी नागपूरला राहतो, त्यामुळे पाण्याच्या संगणकाचे मूल्यमापन मी मे महिन्याचा विचार केल्याशिवाय करू शकत नाही. बाहेर ४५ अंश असताना खोलीत ३६ ते ३८ अंश असतात, आणि बंद लूपमधले पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. आमच्या डेझर्ट कूलरमध्ये पाण्याचे बाष्पीभवन होऊन हवा गार होते. रेडिएटरमध्ये असे काहीच होत नाही, तेथे फक्त उष्णता पाण्यातून हवेत जाते. लूपचे पाणी हवेपेक्षा दहा ते बारा अंश गरम राहील असा रेडिएटर असेल, तर मुंबईच्या वातानुकूलित खोलीत ३६ अंशांवर राहणारे पाणी आमच्याकडे विना-एसी खोलीत ४८-५० अंशांवर जाते. डी५ या प्रचलित पंपासाठी द्रवाची कमाल मर्यादा ६० अंश आहे, आणि पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच सुमारास मऊ पडू लागतात. म्हणजे हातात उरणारा पल्ला दहा अंशांचा. तेव्हा विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात असा लूप बांधणाऱ्याने ब्लॉकवर खर्च करण्याआधी एक रेडिएटर वाढवावा. बोर्डाने व्हीआरएम पाच अंशांनी थंड ठेवला याचा आनंद मोठा नाही. पाणी पाच अंशांनी थंड राहिले तर पंप, नळ्या, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या सर्वांना एकदमच आराम पडतो.

याच कारणासाठी महाग बोर्ड निवडताना मी ब्लॉकच्या आधी पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरची जोडणी पाहतो. आरओजी मालिकेच्या अनेक बोर्डांवर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान व प्रवाहाचा वेग वाचणारे हेडर (सेन्सरची तार जोडण्याच्या पिना) असतात, आणि ते केवळ पाण्याच्या ब्लॉकच्या मॉडेलवरच नव्हे, तर क्रॉसहेअर ८ हिरोसारख्या हवेवर चालणाऱ्या बोर्डावरही आहेत. रायझनचे तापमान क्षणात दहा-पंधरा अंश वर-खाली होते आणि पंखे त्याच्या तालावर फिरवले तर ते सतत हुंकारत राहतात. पाण्याचे तापमान मिनिटांच्या गतीने बदलते. पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानाला बांधला की सगळा संगणक एका संथ लयीत चालतो, आणि प्रवाह अचानक कमी झाला तर बोर्ड वेळेत बंदही करता येतो. बोर्डावरच्या निकेलच्या चकाकीपेक्षा या तीन लहान हेडरांचा उपयोग मला कितीतरी जास्त वाटतो.

आज नव्याने अशा संगणकाची जुळणी करणाऱ्याने कोणता बोर्ड घ्यावा, असे मला विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे: बिनपंख्याचा चिपसेट, भरपूर धातूचा व्हीआरएम हीटसिंक आणि पाण्याचे सेन्सर असलेला हवेवरचा बोर्ड, आणि प्रोसेसरवर स्वतंत्र ब्लॉक. एएम४च्या काळात हे वर्णन डार्क हिरोला जवळजवळ तंतोतंत लागू पडत होते.

तरीही जुन्या बाजारात अ‍ॅक्वा रास्त भावात समोर आला, तर मी तो पाहायला नक्की जाईन, कारण एका विशिष्ट अडचणीवर इतक्या निश्चयाने काढलेला तोडगा हाताळायला मिळणे मला मोलाचे वाटते. पाहताना मात्र बोर्डाआधी ब्लॉक तपासावा. आधीच्या मालकाने त्यात काय भरले होते हे विचारावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी भरले असेल तर आपल्या कूलरच्या जाळीवर चढतो तसाच क्षार आतल्या केसाएवढ्या फटींत बसलेला असणार, आणि रंगीत अपारदर्शक कूलंट वर्षानुवर्षे न बदलता ठेवला असेल तर त्याचा गाळ तेथेच अडकतो. त्या लूपमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त रेडिएटर होता का, हेही विचारावे, कारण तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की गंज धरतो आणि निकेलचा मुलामाही सुटू लागतो. नळ्यांचे जोड बसतात त्या जी १/४ आकाराच्या आट्या वाकड्या झाल्या आहेत का, पारदर्शक भागात फिटिंगच्या (नळीच्या जोडाच्या) भोवती बारीक तडे दिसतात का, हे उजेडात धरून पाहावे. फिटिंग हाताने आवळायचे असते, गळती थांबवण्याचे काम रबरी ओ-रिंगचे असते, आणि पाना लावून आवळणाऱ्यांनी अनेक चांगले ब्लॉक तडकवले आहेत. शक्य असेल तर हातपंपाने अर्ध्या बारपर्यंत हवा भरून दाब पंधरा मिनिटे टिकतो का, ते पाहावे. पाणी न घालता गळती ओळखण्याची ही खात्रीची रीत आहे. शेवटी, पीसीआय एक्स्प्रेस ४.०ची एसएसडी लावून मोठ्या फाइलींची नक्कल सुरू ठेवावी आणि चिपसेटचे तापमान पाहावे. ते पाण्याच्या तापमानाच्या जवळपास स्थिर राहिले, तर त्या कोपऱ्यातला पॅड अजून नीट टेकलेला आहे; चढतच गेले, तर ब्लॉक उघडून पॅड बदलण्याचा खर्च आणि श्रम किमतीतून वजा करूनच पुढचे बोलणे करावे.